टर्नटेबलला बाहेरचा फोनो प्रीअँप: खरंच फरक पडतो का?

केतकी_पुणे
बाबांनी जमवलेल्या रेकॉर्ड्स आता माझ्याकडे आल्यात. बहुतेक एचएमव्हीच्या एलपी: किशोरीताई, कुमारजी, वसंतराव, पुष्कळशी नाट्यगीतं. शिवाय हिंदी सिनेमाच्या मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या ईपी आणि एका कापडी पिशवीत ७८ फेऱ्यांच्या काही तबकड्या. ऐकायला ऑडिओ टेक्निकाचं एलपी-१२०एक्स टर्नटेबल घेतलंय. त्याच्यासोबत आलेलं व्हीएम९५ई कार्ट्रिजच (सुई बसते तो छोटा डबा) वापरते. टर्नटेबलच्या पोटातलाच प्रीअँप (सुईचा बारीक सिग्नल मोठा करणारा), तिथून थेट पॉवर्ड, म्हणजे आतच अँप असलेले स्पीकर्स.

तक्रारी अशा. गाणं सुरू नसतानाही मागे बारीक घूं ऐकू येतं. बाजू संपत आली की 'स' आणि 'श' चरचरतात, बायकांच्या आवाजात जास्तच. आणि सीडीच्या मानाने आवाज फार लहान, नॉब कुठल्या कुठे न्यावा लागतो.

दादाचं म्हणणं, आतला प्रीअँप म्हणजे नावापुरता बसवलेला तुकडा, बाहेरचा चांगला घे, सगळं सुटेल. दुकानात बारा हजारांपासून चाळीस हजारांपर्यंतचे खोके दाखवले. एवढे पैसे घालावेत का? ज्यांनी स्वतः घेतलाय त्यांनी सांगा. ज्यांनी फक्त वाचलंय त्यांनीही सांगा, पण तसं लिहा.

गोट्या
रुमाल टाकून ठेवतोय. इथे रक्तपात होणार.

लाकडी_खोका
डोळे झाकून घ्या. माझ्याकडे आधी अँप्लिफायरमधलाच फोनो होता. मग बाहेरचा घेतला, मग त्याला लिनियर पॉवर सप्लाय लावला. प्रत्येक पायरीला फरक. गाणारा कुठे बसलाय, तबला कुठे, सगळं दिसायला लागलं. पडदाच बाजूला झाला. आतल्या प्रीअँपमध्ये दहा रुपयांची आयसी असते, तिच्याकडून काय अपेक्षा करणार?

खडूस_काका
गेली कित्येक वर्षं प्रत्येक ऑडिओवाल्याच्या घरी पडदे बाजूला होतायत. एकूण लावले होते तरी किती?

ओहमचा_नियम
केतकी, हा खोका करतो काय ते आधी बघू, म्हणजे तुमच्या तक्रारींपैकी कुठली त्याच्या अखत्यारीत येते ते कळेल.

तुमच्या कार्ट्रिजमधून निघतात साधारण ४ मिलिव्होल्ट. सीडी प्लेअर २ व्होल्टपर्यंत देतो. तेव्हा पहिलं काम म्हणजे हा एवढासा सिग्नल शंभरेक पट मोठा करणं, तेही स्वतःची खरखर त्यात न मिसळता. दुसरं काम आरआयएए वक्राचं. रेकॉर्ड कोरताना खर्ज मुद्दाम दाबतात, नाहीतर खाचेची वळणं इतकी पसरतील की एका बाजूला वीस मिनिटांचं गाणं मावणार नाही. आणि वरचे सूर मुद्दाम चढवतात, कारण वाजवताना ते परत खाली आणले की त्यांच्यासोबत प्लास्टिकची खसखसही खाली येते. १९५४ मध्ये आरआयएए या अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने हा वक्र ठरवला आणि पुढे सगळ्यांनीच घेतला. वाजवताना २० हर्ट्झला १९ डेसिबलच्या आसपास वर उचलायचं, २० किलोहर्ट्झला जवळजवळ तेवढंच खाली आणायचं. प्रीअँप हे करतो, बास.

आज हे काम अवघड राहिलेलं नाही. दहा रुपयांची म्हणून वर जिला हिणवलंय तसलीच एनई५५३२ नावाची आयसी वर्षानुवर्षं स्टुडिओंच्या मिक्सरमध्ये रांगेने बसलेली असायची. लोकांच्या लाडक्या कित्येक रेकॉर्ड्स तिच्यातूनच गेल्यात. आयसी तीच असली तरी भोवतीची मांडणी, कपॅसिटर किती नेमके आहेत, वीज किती स्वच्छ आहे, यात फरक पडतो हे मान्य.

आता घरी एवढं करून बघा. नेहमीच्या व्हॉल्यूमवर सुई वर उचलून ठेवा, मोटर चालू असू द्या, आणि तुमच्या नेहमीच्या जागी बसा. जे ऐकू येईल ते प्रीअँपचं, वायरिंगचं, नाहीतर कार्ट्रिजने आसपासचं पकडलेलं. सुई खाचेत टेकल्यावर जे वाढेल ते रेकॉर्डचं आणि सुईचं, त्याला कुठलाही खोका हात लावू शकत नाही.

आवाज लहान येणं हा दोषच नाही. आतल्या प्रीअँपमधून साधारण पाव व्होल्ट निघतो, तेवढाच अपेक्षित आहे. नॉब फिरवा, तो त्याचसाठी असतो.

सुई_दोरा
ओहम यांच्याशी सहमत. 'स' चरचरण्याचं मी सांगतो.

एलपी एका मिनिटात ३३⅓ फेरे मारते, बाहेर असो की आत. पण बाहेरच्या खाचेत सुईखालून सेकंदाला जवळपास ५१ सेंटिमीटर प्लास्टिक जातं, आणि लेबलाजवळ पोचेपर्यंत ते २१ वर येतं. तोच 'स' आता निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. जाड टोकाची सुई त्या बारीक वळणांत शिरतच नाही, वरून घासत जाते. तुमच्या व्हीएम९५ई ला साधी इलिप्टिकल (लंबगोल टोकाची) सुई आहे. त्याच कार्ट्रिजवर मायक्रोलिनिअरवाली, आणखी बारीक टोकाची एमएल सुई बसते. जुनी ओढून काढायची, नवी सरकवायची, स्क्रू ड्रायव्हरही लागत नाही. आधी सुईचं वजन २ ग्रॅम आहे का ते छोट्या डिजिटल काट्यावर बघा, आणि प्रोट्रॅक्टरचा कागद छापून कार्ट्रिज सरळ बसलंय का तेही. एवढं न करता प्रीअँप आणणं म्हणजे चष्म्याचा नंबर चुकलेला असताना खोलीतला बल्ब बदलणं.

पाववाला
माझ्या फोनवर किशोरीताई फुकट ऐकू येतात. घूं नाही, चर्र नाही. जाहिरात येते तेवढीच.

गोट्या
@पाववाला, मल्हार ऐन रंगात आलेला असताना डोक्याच्या तेलाची जाहिरात. यालाच लाइव्ह मैफलीचा अनुभव म्हणत असावेत.

वैदर्भी
घूं चं मी बघतो, नागपुरात जन्म याच्यातच गेला माझा. एकसारखा खालचा घूं असेल तर ५० हर्ट्झ: अर्थिंग, नाहीतर जवळचा ट्रान्सफॉर्मर. त्यात करकर मिसळली असेल तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, डिमर, स्वस्तातला अडॅप्टर असलं काहीतरी. पंखा बंद करून बघा. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर ऐकता का? स्क्वेअर वेव्हवाला असेल तर तो स्वतःच गातो.

मग दुसरं. प्लॅटर बंद ठेवून सुईचा दांडा हाताने हळूच रेकॉर्डवरून आतबाहेर न्या, सुई टेकवू नका. घूं कमीजास्त झाला की समजायचं कार्ट्रिज जवळचा ट्रान्सफॉर्मर पकडतंय. कार्ट्रिजमध्ये तारेची वेटोळीच असतात ना बे, पकडणारच. पॉवर्ड स्पीकर टर्नटेबलला चिकटून ठेवलाय का?

जुन्या वाड्यात राहत असाल तर तीन पिनांच्या सॉकेटमधली तिसरी पिन खरंच कुठे जोडलेली आहे का, तेही इलेक्ट्रिशियनला विचारा. पुष्कळ ठिकाणी ती नुसती शोभेला असते.

तारषड्ज
इतकी आकडेमोड बघून माझ्यासारख्या ऐकणाऱ्याने बोलावं की नाही कळेना, पण बोलतो. मी कोथरूडला राहतो, बाहेरचा प्रीअँप वापरतो, आणि माझ्या अनुभवात फरक पडला. 'जागा दिसली' वगैरे मी म्हणणार नाही. पण तानपुऱ्याची जवारी! आधीच्या प्रीअँपवर ती जरा काचेसारखी कडक वाजायची, वरचे स्वर टोचायचे. आता गोल आहे. तासभर कुमारजी ऐकून कान थकत नाहीत. हे मीटरवर दिसत नसेल तर तो मीटरचा प्रश्न.

ओहमचा_नियम
@तारषड्ज, मीटरवर दिसतं, आणि तुम्ही ऐकलंत ते खरंच असणार. मूव्हिंग मॅग्नेट (तुमच्यासारख्या, हलत्या चुंबकाच्या) कार्ट्रिजचं वेटोळं आणि त्याच्या पुढची कपॅसिटन्स (वायर आणि प्रीअँपची वीज साठवायची क्षमता) मिळून एक रेझोनन्स तयार होतो, म्हणजे एका ठराविक उंचीचे सूर जास्त उचलले जातात. व्हीएम९५ई चं इंडक्टन्स ५५० मिलिहेन्री. पुढे वायर आणि प्रीअँप मिळून १५० पिकोफॅरड असतील तर रेझोनन्स साडेसतरा किलोहर्ट्झच्या आसपास पडतो. तेच ३०० झाले की सव्वाबारावर येतो, कानाच्या अगदी टप्प्यात. तिथे थोडा उंचवटा, आणि त्याच्यापुढे उतार. तुमची जवारी टोचत होती ती बहुधा इथेच. या कार्ट्रिजला कंपनी एकूण १०० ते २०० सांगते. साधी वायरच मीटरला शंभरेक खाते, त्यात प्रीअँपने स्वतःचे दोनशे घातले की गेलं.

म्हणून मी घेणाऱ्याला म्हणेन, किंमत नका बघू, कपॅसिटन्स बदलायचं बटण आहे का ते बघा. चाळीस हजारांच्या काही खोक्यांत ते नसतं. एआरटी कंपनीच्या डीजे प्री २ सारख्या स्वस्तात असतं.

लाकडी_खोका
म्हणजे फरक पडतो हे शेवटी मान्य.

ओहमचा_नियम
फरक पडतो. पडदा पडत नाही.

पणजीकर
मूळ प्रश्न बाजूला ठेवून एक विचारतो, या रेकॉर्ड्स धुतल्यात का? माळ्यावर, पेटीत, कापडी पिशवीत... आमच्याकडे पणजीत पावसाळ्यात चपलांना बुरशी येते, रेकॉर्डला का नाही येणार? खाचेत पांढुरका थर असतो, डोळ्यांना पटकन दिसत नाही, उजेडात तिरकी धरली की दिसतो. तो थर सुईच्या टोकाला लागून गोळा होतो आणि मग कितीही महागाची सुई असू दे, चर्र होणारच.

एलपी आणि ईपीला डिस्टिल्ड पाणी, अगदी थेंबभर डिश सोप आणि मऊ ब्रश, लेबल कोरडं ठेवून. परत डिस्टिल्डने विसळून उभ्या वाळवायच्या. ७८ च्या तबकड्यांना मात्र अल्कोहोल चुकूनही लावू नका. त्या लाखेच्या असतात, अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. आमच्या शेजाऱ्यांनी चष्म्याच्या दुकानातलं क्लीनर मारलं होतं, तबकडी काळ्या गुळासारखी हाताला चिकटली.

जर्सीवाला_जोशी
इथे न्यू जर्सीत गराज सेलमध्ये सत्तरच्या दशकातले पायोनिअर, मरांट्झचे रिसीव्हर अजून मिळतात. त्यांचा फोनो इनपुट आजच्या कित्येक खोक्यांच्या तोडीस तोड. भारतात न्यायचा मोह आवरा, बरेचसे फक्त ११० व्होल्टचे असतात, आणि वजन एवढं की बाकीचं सामान इथेच ठेवावं लागेल.

केतकी, एक गोष्ट लक्षात ठेवा. बाहेरचा प्रीअँप लावाल तेव्हा टर्नटेबलच्या मागचं बटण 'लाइन'वरून 'फोनो'वर न्यायचं. नाहीतर दोन्ही प्रीअँप एकापाठोपाठ लागतात, वक्र दोनदा उलटतो, खर्ज घुमतो आणि वरचं सगळं मरतं.

खडूस_काका
सगळे एलपीवर बोलतायत आणि पिशवीतल्या ७८ कोणी बघेना. बाहेरच्या प्रीअँपची खरी गरज तिथेच आहे बाळांनो.

१९५४ च्या आधी प्रत्येक कंपनीचा वक्र आपापला. त्याहून मागे, १९२५ च्या आधीच्या तबकड्या तर नुसत्या भोंग्यात गाऊन केलेल्या, तिथे वीजच नाही तर वक्र कुठला! आता ओहम सांगतील, पण मीही थोडं शिकलोय: आरआयएए १० किलोहर्ट्झला पावणेचौदा डेसिबल खाली आणतो. ज्या तबकडीत ते कधी चढवलेलंच नव्हतं तिच्यावर हे लावलं की हिराबाईंचा आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा येतो. मग लोक म्हणतात जुनं रेकॉर्डिंगच तसं. रेकॉर्डिंग तसं नसतं हो!

आणि ७८ ची खाच रुंद. एलपीची सुई तिच्यात तळाला जाऊन खडखडते. तुझ्या कार्ट्रिजला ७८ ची जाड सुई मिळते, व्हीएम९५एसपी म्हणून. ती घे आधी.

गोट्या
काका, ७८ म्हणजे सगळं स्वातंत्र्यपूर्व काळातलं ना?

खडूस_काका
मुळीच नाही. आपल्याकडे ७८ साठच्या दशकातही निघत होत्या, कारण घरोघर चावीचे ग्रामोफोन होते आणि वीज नव्हती. बीटल्सच्या ७८ भारतात निघाल्यात, परदेशी लोक त्यांच्यासाठी वेडे होतात. तेव्हा तबकडीवरचं साल बघायचं, तिच्या वेगावरून काळ ठरवायचा नाही. उशिराच्या ७८ ना आरआयएए बहुतेक चालून जातो.

मुंबईत चोरबाजारात मटन स्ट्रीटला एकेकाळी ढिगाने मिळायच्या. ऱ्हिदम हाऊस हे तिथलं रेकॉर्डचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं आणि आता चोरबाजारातच भाव कुठल्या कुठे गेलेत.

तारषड्ज
पुण्यात आलुरकरांचं दुकान होतं कर्वे रोडला. विकत काही घेतलं नाही तरी ते ऐकवायचे आणि राग, घराणं सांगायचे. तसं दुकान परत होणे नाही. अवांतराबद्दल क्षमस्व.

वैदर्भी
अवांतरच चांगलं होतं.

सुई_दोरा
७८ साठी वेगळ्या वक्रांचा प्रीअँप घ्यायलाच हवा असं नाही. लॅपटॉपवर रेकॉर्ड करून घ्या, आरआयएए सॉफ्टवेअरमध्ये उलटवा, मग हवा तो वक्र लावा. सुईसाठी मात्र दुसरा हेडशेल (दांड्याचं टोक, ज्यावर कार्ट्रिज बसतं) घेऊन ठेवा. १२०एक्सचा हेडशेल फिरवून निघतो, अदलाबदल सोपी.

केतकी_पुणे
सगळ्यांचे मनापासून आभार. मधल्या काळात बरंच करून पाहिलं, सांगते.

घूं: वैदर्भी, तुमचा दांड्याचा प्रयोग केला. दांडा उजवीकडे असताना घूं, आत नेला की कमी. उजव्या स्पीकरच्या पोटात ट्रान्सफॉर्मर आहे आणि तो फूटभरावर होता. टर्नटेबल दुसऱ्या भिंतीला नेलं, घूं गेला. कानाला ऐकू येण्याएवढा तरी राहिला नाही.

'स': रेकॉर्ड्स धुतल्या, काट्यावर वजन नीट केलं, एमएल सुई आणली. लेबलाजवळचा 'श' आता 'श' वाटतो. एका एलपीला शेवटी अजून चरचर आहे, ती खाच आधीच कुणीतरी झिजवून टाकलीय, त्याला इलाज नाही.

मग तारषड्ज यांनी त्यांचा प्रीअँप आठवडाभर दिला. तोच तुकडा आतल्या आणि बाहेरच्या प्रीअँपमधून लॅपटॉपवर घेतला, दोन्हींची पातळी सॉफ्टवेअरमध्ये जुळवली (ओहम यांनी व्यक्तिगत निरोपात बजावलं होतं, जरा मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो म्हणून). दादा हेडफोन लावून बसला, मी फायली उलटसुलट लावल्या. त्याला ओळखता येईना. छापाकाटा केला असता तरी तेवढीच बरोबर आली असती. आता तो म्हणतो हेडफोन बदलायला हवेत.

एका ठिकाणी मात्र फरक उघड दिसला, ऐकू आला असंही नाही. एक नाट्यगीतांची एलपी थोडी वाकडी झालीय. आतल्या प्रीअँपवर ती लावली की स्पीकरचा मोठा शंकू दर फेऱ्याला पुढे-मागे डोलतो, पुरता बोटभर वाटावं एवढा, आवाज काहीच नाही. तारषड्ज यांच्या खोक्यावर सबसॉनिक फिल्टरचं (कानाला न येणारे खालचे कंप अडवणाऱ्या) बटण आहे. ते दाबलं की शंकू जागच्या जागी.

ओहमचा_नियम
हे उत्तम निरीक्षण. एका फेऱ्याला १.८ सेकंद, म्हणजे अर्ध्या हर्ट्झच्या जरा वर. वाकडेपणाच्या लहरी तिथून पुढे आठ-दहा हर्ट्झपर्यंत असतात. कानाला काही नाही, पण अँपची ताकद त्यातच खर्च होते आणि शंकू आधीच ताणलेला असताना पखवाजाची थाप आली की ती मळकट वाजते. वाकड्या रेकॉर्ड्स बऱ्याच असतील तर फिल्टरवाला प्रीअँप घेण्याला हे कारण पुरेसं आहे.

लाकडी_खोका
लॅपटॉपच्या साउंड कार्डमधून तुलना केलीत तिथेच सगळं संपलं. शिवाय त्या स्पीकर्सवर फरक कळणारच नाही. माझ्याकडे या, ऐकवतो.

खडूस_काका
येतो. चहा कुठल्या केबलने येतो तुमच्याकडे?

लाकडी_खोका
काका, चहा ट्यूबवर उकळतो. खरंच या.

तारषड्ज
माझं मत बदललेलं नाही हे नोंदवून ठेवतो. तुकडे उलटसुलट ऐकणं वेगळं, आणि रोज रात्री अख्खी बाजू ऐकणं वेगळं. केतकी, माझ्या खोक्यावरचा कपॅसिटन्सचा स्विच तुम्ही कुठे ठेवला होता?

केतकी_पुणे
१०० वर. २०० वर करून तानपुरा ऐकला, तेव्हा मलाही थोडा टोचल्यासारखा वाटला. म्हणजे तुम्ही आणि ओहम दोघेही बरोबर, हे तुम्हा दोघांनाही आवडणार नाही.

तूर्त प्रीअँप घेत नाहीये. ७८ ची सुई आणि दुसरा हेडशेल मागवलाय. वाकड्या एलपी मोजून झाल्या की फिल्टरवाल्याचा विचार करीन. काका, पिशवीतल्या तबकड्यांच्या लेबलांचे फोटो टाकते, वक्र तुम्ही सांगायचे.

खडूस_काका
टाक. मॅट्रिक्स नंबर (कंपनीचा रेकॉर्डिंगचा क्रमांक) दिसेल असे काढ, लेबलाच्या कडेला कोरलेला असतो.

नवा_सदस्य_सांगली
नमस्कार, उशिरा धागा सापडला. आजोबांचा एचएमव्ही फिएस्टा आहे, झाकणात स्पीकर असतो तो. आतला अँप मेलाय पण प्लेअर फिरतो. त्याला हा फोनो प्रीअँप लावून ब्लूटूथ स्पीकरला जोडता येईल का?

ओहमचा_नियम
नको. त्यात बहुतेक सिरॅमिक कार्ट्रिज असणार. ते शेकडो मिलिव्होल्ट देतं आणि त्याला आरआयएए लागत नाही, फोनो प्रीअँपला जोडलंत तर नुसता गोंगाट. त्याला साधा ऑक्स इनपुट चालतो, पण इनपुट इम्पिडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) १ मेगाओहमच्या आसपास हवा, नाहीतर खर्ज गायब होतो. मध्ये एक छोटा बफर (तेवढा विरोध देणारं सर्किट) बसवून घ्या, पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत सुटे भाग मिळतील, सांगलीतही कोणी रेडिओ दुरुस्तीवाले असतीलच.

सुई_दोरा
आणि चांगली एलपी लगेच लावू नका. त्या कार्ट्रिजचं वजन आजच्या मानाने फार असतं, सुईही झिजलेली असेल. सुईजवळ छोटी दांडी आहे का? ती फिरवली की एका बाजूला एलपीची सुई, दुसऱ्या बाजूला ७८ ची. सध्या कुठली बाजू खाली आहे?

नवा_सदस्य_सांगली
दांडी आहे, अक्षरं पुसलीत. फोटो काढून टाकतो, आत्ता लाइट गेलेत.